पाचवा बिब्बा

आमच्या घरात नवा पाहुणा आला की आधी शिंकतो आणि मग बोलतो. त्याचा आम्ही राग मानत नाही. ज्या घरात पंचवीस वर्षं तिखट कुटलं, धणे भाजले, मेथ्या तळल्या, त्या घराच्या भिंतींना तो वास लागणारच. धंद्याला आता नाव आहे, डब्यावर लेबल आहे, लेबलावर लायसनचा नंबर आहे. पण गावात कुणी सुनंदाताईचं घर विचारलं तर पोरंसोरं अजून सांगतात, "नाक नेते तिकडं जा."

आता धंदा सून पाहते. प्रणिता तिचं नाव. तिनं पीठ मळायचं मशीन आणलं, मोबाईलवर पापडांचे फोटो टाकले आणि मला चव पाहण्याच्या खात्यात बसवलं. मी चव पाहते आणि नको तिथे बोलते. या अंकासाठी लिहा म्हणून जी मुलगी आली होती, ती म्हणाली, "काकू, तुमचा प्रवास लिहा." माझा प्रवास म्हणजे एसटीनं यवतमाळ, मांडीवर डबा आणि शेजारच्या सीटवरचा माणूस विचारतोय, डब्यात काय आहे? त्यात लिहिण्यासारखं फार नाही. त्यापेक्षा एका जानेवारीत माझ्या हातून काय झालं ते सांगते. ते आजवर मी कुठल्याही बचतगटाच्या मेळाव्यात सांगितलेलं नाही. मेळाव्यात यशोगाथा सांगायची असते.

आधी काम समजून घ्या. लोक म्हणतात, घरबसल्या उद्योग. यातलं 'घर' खरं आहे, 'बसल्या' खोटं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजवून ऊन चढायच्या आत साच्यातून घालावा लागतो. त्या दिवशी आभाळ आलं तर बाई गच्चीवर उभी राहून आभाळाला जे बोलते ते इथे छापता येणार नाही. पावसाळ्यात मसाले. दिवाळीनंतर मात्र लाडू. डिंकाचे, मेथीचे, आणि सगळ्यात जास्त मागणी बाळंतिणीच्या लाडवांना. पूर्वी हे लाडू आई करायची. आता आईच नोकरी करून थकलेली असते. म्हणून ती मला फोन करते आणि म्हणते, "ताई, तुम्हीच करा, पण घरच्यासारखे करा." मी म्हणते, "घरीच तर करते."

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. यवतमाळच्या एका प्रदर्शनात एका बाईनं माझ्या टेबलावरचा पापड खाल्ला, वा वा केलं, दोन किलोचं माप सांगितलं, पर्स उघडली आणि विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?" मी सांगितलं. पर्स बंद झाली. "नंतर येते," म्हणाली. आमच्या लोकांना हे 'नंतर' चांगलं ओळखीचं आहे. मी टेबलावरचं फडकं उगाच झटकलं. शेजारी यमुनाबाई बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "ताई, इचं पोट आडनाव पुसून जेवते काय वं?" त्या बाईची शेजारीण पुढे माझी कायमची गिऱ्हाईक झाली, आणि तिच्याकडे जेवायला आल्यावर तीच बाई माझे पापड मागून मागून खाते असं शेजारणीनंच मला हसत सांगितलं. शेजारणीच्या पाकिटात तेव्हापासून चार पापड जास्त टाकते.

यमुनाबाई नाल्यापलीकडच्या तांड्यावरची. तिथे आईला याडी म्हणतात, आणि ती वयानं माझ्याहून पंधरा वर्षं मोठी म्हणून मीही तिला याडीच म्हणते. तिच्या आजापणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथे घातले. ती म्हणायची, "आमचे म्हातारे देशभर फिरले, मी तुमच्या सुपात फिरून राह्यली." धान्य निवडण्यात तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. सूप एकदा उडवलं की खडा एका बाजूला, कोंडा दुसऱ्या, आणि मधोमध गहू. माझ्याकडे पंधरा वर्षं ती हेच काम करत होती. नवरा गेलेला, मुलगा पुण्याकडे, हातात येईल ते तिचं स्वतःचं.

आता बिब्ब्याचं. बिब्बा म्हणजे काळं, चकचकीत, बदामाएवढं फळ. आमच्याकडे जंगलात मिळतं. त्याच्या सालीत तेल असतं आणि ते तेल अंगाला लागलं की उततं. कातडी लाल होते, फोड येतात, सूज चढते, आग आग होते. कुणाला थोडं, कुणाला एवढं की दवाखाना गाठावा लागतो. पोटात गेलं तर तोंड, ओठ, सगळं अंग. पण हाच बिब्बा आख्खा, सुका असेल तर गुणाचा. धान्याच्या कोठीत टाकला की सोंडे, किडे जवळ येत नाहीत. बाजारातली औषधी पावडर मी बाळंतिणीच्या गव्हाला कधी लावली नाही. कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा होतो. म्हणून आमच्या कोठीत बिब्बे. पाच. सासरी पद्धतच पाचाची होती. दळणाला गहू काढला की यमुनाबाई निवडताना बिब्बे वेगळे करून वाटीत टाकणार, मी वाटीतले मोजणार, पाच झाले की मगच गहू चक्कीवर जाणार. निवडणं तिचं काम, मोजणं माझं. पंधरा वर्षांत यात चूक झाली नव्हती.

त्या जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी आणि तुरीची सोंगणी एकदम आली होती. हाताखाली बाई मिळेना. प्रणिताची मुलगी दोन महिन्यांची, त्यामुळे तीही बाळात अडकलेली. घरात मी, माझी ऐंशी वर्षांची सासू आणि दिवसभर येणारी यमुनाबाई. दोन मोठे डबे द्यायचे होते. एक यवतमाळला शैलाताईंना. त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, आणि त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली. दुसरा डबा दिग्रसला काकाजींना. काकाजी जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, वय ऐंशीच्या पुढे, बाळंतिणीचे लाडू स्वतःसाठी मागवायचे. "बाळंतीण नाही तर काय झालं, हाडं तर माह्यीबी दुखतात," असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी यमुनाबाईनं गहू निवडला. मी वाटी मोजायला निघाले तेवढ्यात शैलाताईंचा फोन आला, सुंठ कमी घाला, मुलीला उष्णता होते. बोलता बोलता मी गहू टोपल्यात भरला आणि डोक्यावर घेऊन चक्कीवर गेले. वाटी राहिली. मंगळवारी पहाटेच लाडू वळले, दिवसभरात एसटीनं माझा मुलगा दोन्ही डबे पोचवून आला. एक मोठं पातेलं भरून लाडू घरी उरले.

बुधवारी सकाळी फडताळ पुसताना वाटी हाताला लागली. सवयीनं मोजले. चार.

परत मोजले. चारच. फडताळाखाली पाहिलं, सूप झटकलं, केरसुणीनं कोपरे काढले, कोठीत वाकून हात फिरवला. पाचवा नाही. मी खाली बसले. एक बिब्बा चक्कीत गेला तर पिठात दिसत नाही, आणि लाडवात तर गूळ, खारीक, भाजलेलं पीठ, सगळं काळपटच. यवतमाळला वीस-बावीस दिवसांची बाळंतीण सकाळी दुधाबरोबर लाडू खात असेल. तिच्या अंगावर तान्हं मूल.

यमुनाबाई तेव्हाच आली. मी तिला दारातच विचारलं, "याडी, सोमवारी बिब्बे किती काढले?"

"पाच."

"वाटीत चार आहेत."

"मी पाच टाकले ताई. एक एक करून टाकले."

"मग पाचवा कुठं गेला? पाय फुटले का त्याला?"

तिनं वाटीत बोट फिरवून बिब्बे मोजले. मग म्हणाली, "मले मालूम नाही. पण मी पाच टाकले."

इथं मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मागच्याच आठवड्यात तिनं सुई ओवून द्यायला प्रणिताला सांगितलं होतं, ते मला आठवलं, आणि जे आठवलं ते मी तोंडावर मारलं. म्हणाले, "याडी, तुला दिसत नाही आता. सुईत दोरा जात नाही तुझ्यानं. तुझ्या डोळ्यांवर मी गिऱ्हाइकाचा जीव टाकू का?"

ती म्हणाली, "मी डोयानं नाही निवडत ताई. मी हातानं निवडतो. पंधरा सालापासून." तिच्या बोलण्यात बाईमाणूससुद्धा 'निवडतो' म्हणतं, मला ते नेहमी गोड वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. मी पातेलं तिच्याकडे सरकवलं. "हे उरलेले लाडू शेताच्या धुऱ्यावर खड्डा करून पूर. ढोराच्याही तोंडी लागू देऊ नको. आणि उद्यापासून येऊ नको. तुरीच्या सोंगणीला जा, तिथं मजुरी जास्त आहे."

तिनं पदर सारखा केला, पातेलं उचललं आणि गेली. मी घरात कुणालाही काही सांगितलं नाही. प्रणिता ओली बाळंतीण, घाबरेल. सासूला कमी ऐकू येतं, तिला ओरडून सांगायचं म्हणजे गल्लीला सांगणं. यवतमाळला वसुलीला जाते असं सांगून मी निघाले. हे न सांगणं किती महाग पडलं ते पुढे कळेल.

एसटीत बसल्याबरोबर शैलाताईंना फोन लावला. फोनवर काय बोलायचं ते मनात चार वेळा घोकलं होतं. पण त्यांनी "हं, बोला" म्हटलं आणि मी नुसतं म्हणाले, "ताई, लाडू देऊ नका हो तिला."

"का? तिनं सकाळी दोन खाल्ले. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पलीकडून सिस्टरचा आवाज आला, आईचा नाही. "केव्हाची गोष्ट आहे? किती पिठात एक बिब्बा? तुम्ही स्वतः पाहिला का पिठात?" मी म्हणाले, पाहिला नाही, पण सापडतही नाही. "या तुम्ही," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझी तक्रार नाही. मुलगी पलंगावर, बाळ कुशीत. शैलाताईंनी बॅटरी घेऊन मुलीचे ओठ, जीभ, तळवे, मान, सगळं पाहिलं. काही नव्हतं. पण बिब्बा लगेच दाखवतोच असं नाही, कधी दुसरा दिवस घेतो. डॉक्टरांना फोन करून झाला होता. मी हात जोडून उभी होते. मुलगीच म्हणाली, "काकू, बसा ना. मला काही होत नाहीये. लाडू तर छान झालेत." ते ऐकून मला रडू फुटलं. पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर रडले ती एकदाच. शैलाताई म्हणाल्या, "रडून काय होणार आहे? स्वतःहून सांगायला आलात हे बरं केलंत. न सांगणारे मी नोकरीत खूप पाहिले." डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "मी उद्या सकाळपर्यंत लक्ष ठेवते. तुम्ही दुसरा डबा आणा."

तिथून उलटी एसटी, आमचं गाव खिडकीतून मागे टाकून थेट दिग्रस. काकाजी ओसरीवर ऊन खात बसले होते, डबा मांडीवर. मी बिब्ब्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"किती खाल्ले काकाजी?"

"चार. काल दोन, आज दोन."

"डबा द्या. नवे करून आणते."

"काहून देऊ? चार खाल्ले, काही झालं नाही. आता उतला तं चारानं उतन, बाकीच्यानं काय फरक पडते?"

"काकाजी, तोंड सुजेल तुमचं."

"सुजू दे. सून म्हणते मी लय बोलतो. तिले आराम पडन."

अर्धा तास मी त्या म्हाताऱ्याशी डब्यासाठी झगडले. त्यांची सून दारातून पदरात हसत होती. शेवटी नव्या डब्यात गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्याच आतला गोड गर, दुप्पट, या अटीवर त्यांनी डबा सोडला. मी फाटकापर्यंत गेले तर सून धावत आली आणि दोन लाडू माझ्या हातात ठेवले. "बंडीच्या खिशात लपवले होते," म्हणाली. इतक्या काळजीत मला हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली.

त्या दिवशी मी शैलाताईंना दर तासाला फोन केला. सहाव्या फोनला त्या म्हणाल्या, "सुनंदाताई, तिला अजून काही झालेलं नाही. पण तुमच्या फोननं बाळ उठतंय, त्यानं तिला नक्की काहीतरी होईल." मी मोबाईल बंद केला नाही, पण फोन करायची थांबले. घरी आल्यावर दोन्ही डबे गोठ्यात वर ठेवून दिले. रात्री ताट तसंच सरकवलं. सासू म्हणाली, "वसुली झाली नाही वाटते." मी म्हणाले, "नाही झाली."

गुरुवारी सकाळी शैलाताईंचा फोन आला. मुलीला काही नाही. अंगावर एक पुळीसुद्धा नाही. काकाजींकडे फोन केला तर त्यांनी विचारलं, नवे लाडू कधी? माझा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा, कारण बिब्बा अजून हरवलेलाच होता. कुठल्या तरी एका लाडवात तो सगळाच्या सगळा असला आणि तो लाडू अजून डब्यात असला, तर? आणि यमुनाबाई चुकलीच होती, हे तर माझ्या मनात पक्कंच होतं.

दहाच्या सुमारास प्रणितानं पाळण्यातल्या गोधड्या उन्हात टाकायला काढल्या. ती अंगणातून ओरडली, "आई, हे काय आहे वं?" गोधडीच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, काळ्या चिंधीची गाठ शिवलेली. मी टाके उसवले. आत बिब्बा.

ओसरीवर सासू बसली होती, ती एकाएकी भिंतीकडे पाहू लागली. तिला कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं.

आमच्या घरात हे सगळं सासऱ्यांनी बंद केलं होतं. दीक्षा घेतल्यावर नजर, दृष्ट, काळा दोरा, लिंबू-मिरची, बिब्बा, सगळं त्यांनी एका दिवसात नाल्यात टाकलं. मीही तशीच कडक. सासू साठ वर्षं त्यांच्या मागे बुद्धवंदना म्हणत आली, पण नातवाच्या पोरीला गल्लीतल्या बाया "किती गोरी, किती गोरी" म्हणू लागल्या तेव्हा तिच्याच्यानं राहवलं नाही.

मी जवळ जाऊन, कानाशी वाकून विचारलं, "आई, हा वाटीतला घेतला तुम्ही?"

"एकच घेतला," ती म्हणाली. "तुले पाच लागतात काय मोजून? तुले सांगितलं असतं तं तू भाषण देल्लं असतं."

"मला विचारायचं होतं ना!"

"तू तरी कुठं पुसलं मले? दोन दिस झाले, तोंड वाकडं करून फिरून राह्यली. पुसलं असतं तं सांगितलं असतं."

खरंच, मी घरात एका माणसाला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. ना यवतमाळ, ना दिग्रस, ना त्या बाळंतिणीच्या आईचा एक दिवस आणि एक रात्र काळजीत. पण बिब्बा कमी भरल्यावर माझ्या डोक्यात घरातलं एकही माणूस आलं नाही. आली ती बाहेरून कामाला येणारी बाई. ज्या बाईनं माझं आडनाव ऐकून पर्स बंद केली, तिच्यावर मी जन्मभर चिडून राहिले. आणि मी काय वेगळं केलं होतं? मला स्वतःचा राग आला, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीवर ठरत नव्हते. बिब्बा सापडला होता. आख्खा. कुणाच्या पोटात गेला नव्हता. प्रणितानं तो फेकायला घेतला, मी म्हटलं, थांब. आधी शैलाताईंना फोन केला. त्या फोनवरच मोठ्यानं हसल्या. मग म्हणाल्या, "आणि त्या निवडणाऱ्या बाई? त्यांना कळवलंत?"

मी बिब्बा चिंधीत बांधून नाल्यापलीकडे तांड्यावर निघाले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. पाया पडावं का? ती पडू देणार नाही. मजुरी वाढवते म्हणावं का? ते म्हणजे जखमेवर नोट चिकटवणं.

यमुनाबाई सोंगणीला गेली नव्हती. दारात बसली होती, समोर माझंच पातेलं, वर फडकं. मला पाहून ती उठली नाही. तिनं पहिलं विचारलं ते हे, "ताई, त्या यवतमाळच्या पोरीले काही झालं तं नाही?"

"नाही याडी. कुणालाच काही नाही."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "कालपासून मालूम हाय."

मी पातेल्यावरचं फडकं उचललं. लाडू पुरलेले नव्हते. निम्मे उरले होते.

"याडी, हे काय? तुला पुरायला सांगितले होते."

"नाही पुरले. खाल्ले." ती अगदी साधेपणी सांगत होती. "तुमी गेल्यावर मी घरी आली. मले वाटे का मी पाचच टाकले. पण तुमी म्हणलं दिसत नाही, तं मनात आलं, खरंच नसन दिसत. मग कोण सांगन? पीठ एकाच दयनाचं. म्हणून खात गेली. काल सकाई दोन, दुपारी दोन, सांजले तीन. आज सकाई दोन. म्हणलं, बिब्बा असन तं मले उतन. मंग कोणी यवतमायले फोन तं करन, का बाई, खरंच हाय, पोरीले दवाखान्यात न्या."

मी तिच्यासमोर मातीत बसले. चिंधी सोडून बिब्बा तिच्या पुढे ठेवला आणि तो कुठे सापडला ते सांगितलं. ती ऐकत होती, आणि गोधडीच्या टाक्यांपर्यंत आले तेव्हा ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हातारीनं नेला! म्हातारीनं!" असं म्हणून मांडीवर थापा मारत राहिली. मी तिचे दोन्ही हात धरले. तळवे उलटे करून पाहिले, मनगटं पाहिली, ओठ पाहिले. कुठं डाग नव्हता. पंचाहत्तरीची बाई, नऊ लाडू पचवून बसलेली.

"याडी, माझं चुकलं," मी म्हणाले. जुळवलेलं बाकीचं सगळं विसरले.

"चुकलं तं चुकलं," ती म्हणाली. "पण ताई, एक सांगू काय? राग नका मानू."

"सांग."

तिनं पातेल्यातला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. "नऊ खाल्ले म्हणून सांगतो. औंदा तुमी तुपाले हात आखडला."

मी लाडू तोंडात घातला. तिथेच, तिच्या दारात, ती पाहत असताना, सावकाश खाल्ला. तुपाला मी हात आखडला होता. महाग झालं म्हणून थोडंच कमी घातलं होतं, आणि ते शैलाताईंना कळलं नव्हतं, काकाजींना कळलं नव्हतं, घरी चव पाहणाऱ्या मलाही कळलं नाही असं मी स्वतःला सांगितलं होतं.